लहान मुलांचे अन्नाचे वावडे : शहरातील तपासणी आणि गावाकडील स्वयंपाकघर

'वावडे' हा आपल्या मराठी भाषेतील जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला दुधाचे वावडे, असे आपण सहज म्हणतो आणि पुष्कळदा त्यात थट्टेचाही भाग असतो. मराठी विश्वकोशात यासाठी 'अधिहर्षता' असा भारदस्त शब्द योजलेला आहे, पण तो ग्रंथातच राहिला. लोकांच्या तोंडी बसला तो 'अ‍ॅलर्जी' हाच शब्द. गेल्या काही वर्षांत तो शहरातील दवाखान्यांतून व प्रयोगशाळांच्या जाहिरातींतून गावोगावी पोहोचला आहे. त्याच्याबरोबर तपासणीचे छापील अहवालही घराघरांत येऊ लागले आहेत. या अहवालांचे करायचे काय, हा या लेखाचा विषय आहे.

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे गाव कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, आळेफाटा व ओतूर यांच्या दरम्यान आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांचे मुंबईशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. मुंबईचे डबेवाले याच पट्ट्यातून गेले. पुढे पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या कारखान्यांनीही येथील अनेक कुटुंबांना ओढून घेतले. त्यामुळे येथील पुष्कळ घरांचा एक पाय गावात व एक शहरात असतो. मूल शाळेला शहरात, सुटीला आजीकडे गावात. मुलाची तपासणी होते शहरात, परंतु त्याला जेवू घालायचे असते आजीला. आम्ही हे लिहीत आहोत ते प्रामुख्याने अशा दोन चुलींच्या कुटुंबांसाठी.

वावडे म्हणजे नेमके काय?

'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम वापरला. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड तयार करते. पुढे तो पदार्थ पोटात गेला की हिस्टामिन व तत्सम रसायने एकाएकी बाहेर पडतात. अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात, खोकला व घरघर सुरू होते. क्वचित रक्तदाब कोसळून मूल निपचित पडते. या शेवटच्या गंभीर प्रकारास 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' म्हणतात.

खऱ्या अन्नअ‍ॅलर्जीच्या काही ठळक खुणा आहेत. त्रास बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो, आणि अगदी थोड्या प्रमाणानेही होऊ शकतो. ज्या पदार्थाचे मुलाने आठ दिवसांपूर्वी ताटभर सेवन केले व काही झाले नाही, त्याची अशी अ‍ॅलर्जी त्यास असण्याचा संभव फारच कमी असतो.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठले' असे म्हणून आमसुलाचे पाणी लावण्याची रीत आहे. त्याने त्वचेला गार वाटते, अपाय काही नाही. मात्र गांधी उठण्याचे कारण अन्नच असते असेही नाही. लहान मुलांमध्ये विषाणूचा साधा ताप हे त्याचे फार नेहमीचे कारण आहे. ताप येऊन गेला, त्याच दिवशी मुलाने अंडे खाल्ले होते, गांधी उठल्या, आणि अंडे कायमचे बंद झाले. असे दोष नसलेले पदार्थ किती घरांतून हद्दपार झाले असतील!

दूध प्यायल्यावर पोट फुगणे व जुलाब होणे ही मोठ्या मुलांत पुष्कळदा अ‍ॅलर्जी नसतेच. दुधातील साखर पचविणारे द्रव्य वयानुसार कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. अशा मुलाला दही-ताक सहसा सोसते. नीट न टिकविलेल्या बांगड्यासारख्या माशात हिस्टामिन तयार होते व ते खाणाऱ्या सर्वांचीच तोंडे लाल होतात. तेथे दोष मुलाच्या शरीराचा नसून माशाचा असतो. वांग्यात तर मुळातच हिस्टामिनसारखी द्रव्ये असतात, त्यामुळे वांग्याने तोंड खाजणारा प्रत्येक जण अ‍ॅलर्जीचा रुग्ण नसतो.

मासवडीतील घटक

जुन्नर-आंबेगावची मासवडी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. नावात मास असले तरी ती निखळ शाकाहारी. बेसनाचे आवरण, आत तीळ, सुके खोबरे, लसूण, आणि पुष्कळ घरांत शेंगदाण्याचे कूट. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने पाहिले तर हरभरा, तीळ व शेंगदाणा हे तिन्ही महत्त्वाचे पदार्थ या एका वडीत एकत्र येतात.

हरभऱ्याचे नाव ऐकून कोणी चकित होईल, कारण पाश्चात्त्य देशांतील प्रमुख याद्यांत तो आढळत नाही. परंतु मुंबईतील एस. पी. पाटील, पी. व्ही. निफाडकर व एम. एम. बापट या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख अ‍ॅलर्जीकारक अन्नपदार्थ असल्याचे मांडले होते. निफाडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापूर्वी १९९७ सालीच हरभऱ्यामुळे झालेल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसची नोंद केली होती. ज्या प्रदेशात पिठले, भजी, शेव, फरसाण, लाडू या सर्वांचा पाया बेसन हाच आहे, तेथील पालकांनी ही गोष्ट परदेशी याद्यांपेक्षा अधिक ध्यानात ठेवली पाहिजे असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट कुटाची. मराठी स्वयंपाकात कूट कोठे नसते? कोशिंबिरीत, पालेभाजीत, आमटीत, उपवासाच्या खिचडीत, चटणीत. ते दिसत नाही व विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला शेंगा द्यायच्या नाहीत हे सर्वांना कळते, पण शेजारच्या घरच्या भेंडीच्या भाजीत कूट आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. तेलाचेही तसेच. कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून अशा बहुतेक रुग्णांना ते बाधत नाही. घाण्यावर काढलेल्या तेलात मात्र प्रथिनाचा अंश राहतो. सध्या शहरांत लाकडी घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे. एरवी त्यात वावगे काही नाही, परंतु या मुलांच्या घरी ते टाळावे.

तीळ हा पदार्थ संक्रांतीपुरता आठवतो, पण तो चटण्यांत, पावांवर व खारीवर असतो. २०१६ साली एका ब्रिटिश मुलीचा दुकानातील पावामधील तिळामुळे मृत्यू झाला. त्यानंतर त्या देशात २०२१ पासून दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थांवरही घटक छापण्याची सक्ती झाली. अमेरिकेत २०२३ पासून तिळाचा समावेश सक्तीने जाहीर करावयाच्या घटकांत झाला. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनी ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे कवचधारी प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वरचे सल्फाइट यांची वेष्टनावर स्वतंत्र नोंद सक्तीची केली आहे. या यादीत तीळही नाही आणि हरभराही नाही. म्हणून या दोहोंसाठी वेष्टनावरील ठळक सूचनेवर विसंबून न राहता घटकांची संपूर्ण यादी वाचावी लागते. सुट्या विकल्या जाणाऱ्या फरसाणाला तर वेष्टनच नसते.

तपासण्या : कोणत्या, कशा व किती विश्वासाच्या

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, पिंपरी पेंढारचे एक कुटुंब भोसरीला राहते. मुलाच्या अंगाला वरचेवर खाज सुटते. कोणीतरी सुचवते की रक्त तपासून घ्या. प्रयोगशाळेकडून अनेक पदार्थांचा कागद येतो व त्यात वीस-पंचवीस पदार्थांपुढे होकाराची खूण असते. गहू, दूध, तूरडाळ, टोमॅटो, केळे, शेंगदाणे. पालक घाबरतात व दुसऱ्या दिवसापासून मुलाचे ताट रिकामे होऊ लागते.

या ठिकाणी एक गोष्ट स्वच्छ समजून घेतली पाहिजे. रक्तात आयजीई सापडणे याला 'संवेदन' म्हणतात, आणि संवेदन म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. युरोपीय सहकार्याने बंगळूर व म्हैसूर येथे झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई आढळले. मात्र ज्यांना तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होत होता असे, म्हणजे संभाव्य अन्नअ‍ॅलर्जीचे, केवळ १.२ टक्के निघाले. याच प्रकल्पातील शाळकरी मुलांच्या पाहणीत, जी २०२० साली प्रसिद्ध झाली, भारतीय मुलांत संभाव्य अन्नअ‍ॅलर्जीचे प्रमाण ०.१४ टक्के आढळले, तर हाँगकाँगच्या मुलांत ते १.५ टक्के होते. दोन पाहण्यांवरून संपूर्ण देशाचा निष्कर्ष काढता येणार नाही, महाराष्ट्राचा तर नाहीच. तरीही पहिल्या पाहणीचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. लक्षणे न विचारता सरसकट रक्त तपासले तर होकार आलेल्या वीसांहून अधिक जणांत एखाद्यालाच खरा आजार असतो.

म्हणून पहिली तपासणी सुईची नसून प्रश्नांची असते. मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले, कच्चे की शिजविलेले, किती वेळाने काय झाले, किती वेळ टिकले, त्या दिवशी ताप होता का, तो पदार्थ त्यापूर्वी व त्यानंतर खाल्ला होता का. याची उत्तरे आईकडे अथवा आजीकडे असतात, प्रयोगशाळेकडे नसतात. शक्य असल्यास अंगावरील गांधींचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे व बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन फेकून देऊ नये.

या माहितीवरून ज्या एक-दोन पदार्थांचा संशय येतो, त्यांचीच तपासणी करणे योग्य. त्वचेवरील टोचणी, जिला 'स्किन प्रिक टेस्ट' म्हणतात, हातावर किंवा पाठीवर केली जाते. पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचेस अगदी वरवर टोचतात, रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात व ती नुसत्या द्रावणाच्या ठिकाणापेक्षा ३ मिलिमीटर वा अधिक मोठी असल्यास चाचणी होकारार्थी मानतात. सर्दी-खाजेची अ‍ॅलर्जीविरोधी औषधे त्यापूर्वी साधारण आठवडाभर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात, अन्यथा चाचणी फसते. आपल्या पदार्थांचे तयार अर्क नेहमी मिळतात असे नाही. तेव्हा डॉक्टर ताजा पदार्थच आणावयास सांगतात, सुई प्रथम त्या पदार्थात व मग त्वचेत टोचतात. रक्तातील विशिष्ट आयजीईची तपासणी त्याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मार्गाने देते. त्वचा फार खराब असेल किंवा औषध थांबविणे शक्य नसेल तेव्हा ती उपयोगी पडते. या दोन्ही चाचण्यांतील आकडा मोठा असला तर अ‍ॅलर्जी असण्याचा संभव वाढतो. परंतु येणारा झटका सौम्य असेल की गंभीर, हे त्यावरून सांगता येत नाही.

शंका उरल्यास अंतिम निर्णय देते ती 'ओरल फूड चॅलेंज', म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ कणाकणाने वाढवीत प्रत्यक्ष खाऊ घालणे. यास काही तास लागतात व जवळ आपत्कालीन औषधे सज्ज असावी लागतात. हा प्रयोग घरी कदापि करू नये. याउलट, रुग्णालयात तो निर्विघ्न पार पडला तर मुलाचा एक पदार्थ कायमचा मोकळा होतो. यासाठी मोठ्या शहरापर्यंत जाणे खरोखर सार्थकी लागते. पालकांनी पुण्या-मुंबईस जावे ते शंभर पदार्थांच्या कागदासाठी नव्हे, तर या सोयीसाठी आणि ती वापरणाऱ्या बालरोगतज्ज्ञासाठी.

आणखी एका प्रकाराविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. 'फूड इन्टॉलरन्स' या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक तपासण्या आयजीई नव्हे, तर आयजीजी नावाचे प्रतिपिंड मोजतात. हे प्रतिपिंड आपण नेहमी जे खातो त्याच्याविरुद्ध कोणाच्याही रक्तात असू शकतात. ती जेवणाची खूण आहे, आजाराची नव्हे. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली व कॅनडातील संघटनेने २०१२ साली अन्नअ‍ॅलर्जीच्या निदानासाठी या तपासणीचा वापर करू नये असे जाहीर केले आहे. केसांच्या तपासणीलाही आधार नाही. हजारो रुपये भरून, मुलगा रोज आनंदाने खात असलेली भाकरी त्याला 'चालत नाही' असा कागद आणणे यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

उलट बाजूचीही नोंद केली पाहिजे. तान्ह्या बाळाच्या शौचातून रक्त जाणे किंवा विशिष्ट अन्न दिल्यावर काही तासांनी वारंवार जोराच्या उलट्या होऊन बाळ पांढरे पडणे, हे अ‍ॅलर्जीचे असे प्रकार आहेत की ज्यांत आयजीई नसते, आणि त्यामुळे वरील चाचण्या नकारार्थी येतात. तेथेही हकीकतच महत्त्वाची ठरते.

पदार्थ बंद करण्याची किंमत

वाढत्या मुलाचे दूध, अंडे, डाळ एकदम बंद केले की वजन व उंची मागे पडते, हे सांगण्यास तपासणी लागत नाही. गायीच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला आपल्याकडे म्हशीचे अथवा शेळीचे दूध देऊन पाहतात. ही समजूत चुकीची व कधी धोक्याचीही आहे, कारण या दुधांतील प्रथिने एकमेकांसारखी असून गायीचे न सोसणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचेही सोसत नाही. अशा बाळासाठी आईचे दूध चालू ठेवावे व पर्यायी आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

दूध व अंड्याची अ‍ॅलर्जी बहुसंख्य मुलांत वाढत्या वयाबरोबर नाहीशी होते. शेंगदाण्याची मात्र पाचांपैकी सुमारे एकाच मुलात जाते. म्हणून एकदा लागलेला शिक्का आयुष्यभराचा मानू नये, ठरावीक काळाने पुन्हा तपासावे. दूध व अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेक मुलांना केकमध्ये चांगले भाजलेले दूध-अंडे सोसते, मात्र हेही प्रथम रुग्णालयातच पाहावयाचे असते. आणि अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. ती या मुलांनाही देता येते.

उष्टावण आणि शेंगदाणा

बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा असे एके काळी शहरातील शिकलेल्या पालकांना सांगितले जाई. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००० साली, जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असा सल्ला दिला होता. २००८ साली तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षी असे दिसून आले की इंग्लंडमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होती. आणि इस्राएलमधील बाळे शेंगदाण्याचा मऊ खाऊ पहिल्या वर्षापासूनच खात होती. यावरून लंडनच्या गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४० जोखमीच्या बाळांवर प्रयोग केला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचव्या वर्षी, शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी १७.२ टक्क्यांना अ‍ॅलर्जी होती, तर पहिल्या वर्षापासून नियमित खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते. त्यानंतर मऊ भातात अगदी बारीक, पातळ केलेले कूट मिसळणे हे या नव्या ज्ञानाशी सुसंगतच आहे. मात्र तीव्र इसब असलेल्या किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाच्या बाबतीत प्रथम डॉक्टरांना विचारावे, आणि अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

झटका आल्यास

तपासणीच्या कागदांवर एवढा खर्च होतो, पण ज्या औषधाने जीव वाचतो त्याचे नाव पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. ते औषध अ‍ॅड्रेनालिन. श्वासाला त्रास, आवाज घोगरा होणे, सतत उलट्या, ग्लानी, यांपैकी काही गांधींबरोबर किंवा माहीत असलेला अ‍ॅलर्जीचा पदार्थ खाल्ल्यानंतर दिसले तर अ‍ॅड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत विनाविलंब दिले गेले पाहिजे. गांधी उठल्याच नाहीत म्हणून गाफील राहू नये. गंभीर झटक्यात त्या कधी कधी नसतात. खाजेची गोळी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन अ‍ॅड्रेनालिनची जागा घेऊ शकत नाही. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलास नेहमीच्या १ मिलिग्रॅमच्या कुपीतील ०.२ मिलिलिटर. पाच मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी लागते. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. उतार पडला तरी काही तासांनी झटका परत उलटू शकतो, म्हणून रुग्णालयात थांबावे.

परदेशात मिळणारे तयार स्वयंचलित इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. येथे औषध आहे ते साध्या काचेच्या कुपीत, आणि ते स्वस्त आहे. लसीकरणाच्या सत्रात आरोग्यसेविकेजवळही ते असते. ज्या मुलाला एकदा गंभीर झटका आला आहे त्याच्या पालकांना कुपी फोडून योग्य मात्रा कशी भरावी हे डॉक्टरांनी शिकवावे, असा आग्रह पालकांनीच धरावा. गावी सुटीला येताना हा संच बरोबर आणावा. पिंपरी पेंढारहून नारायणगाव किंवा जुन्नरचे ग्रामीण रुग्णालय वा आळेफाट्याचे दवाखाने गाठता येतात, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तथापि रस्ता कितीही चांगला असला तरी पहिली मात्रा घरीच दिली गेलेली बरी.

गहू, गिरणी आणि ख्रिस्तप्रसाद

गव्हाच्या बाबतीत एक वेगळा आजार अ‍ॅलर्जीच्या नावाखाली येतो, तो म्हणजे सिलिअ‍ॅक. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजते, मूल खुरटते, रक्त कमी होते. उत्तर भारतात याचे प्रमाण दक्षिणेपेक्षा बरेच अधिक आढळले आहे. याची रक्ततपासणी वेगळी असते व ती होईपर्यंत गहू चालूच ठेवावा लागतो. आधीच बंद केल्यास निदान हुकते. निदान पक्के झाल्यावर मात्र पथ्य आजन्म व काटेकोर. या बाबतीत आपला प्रदेश भाग्यवान आहे, कारण बाजरी, ज्वारी, नाचणी व तांदूळ यांत ग्लुटेन नसते. अडचण येते ती गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात राहिलेला असतो आणि तो बाजरीत उतरतो. अशा मुलाचे दळण घरच्या छोट्या चक्कीवर करावे.

ख्रिस्ती कुटुंबापुढे येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. ख्रिस्तप्रसादाची ओस्ती गव्हाचीच असते. श्रद्धासिद्धांत मंडळाच्या जुलै २००३ च्या पत्रात व उपासना मंडळाच्या २०१७ सालच्या परिपत्रकात याचा खुलासा आहे. पूर्णपणे ग्लुटेनरहित ओस्ती मिस्सासाठी ग्राह्य नाही, परंतु भाकर होण्यापुरते अल्प ग्लुटेन असलेली ओस्ती ग्राह्य आहे, आणि ज्यास तीही घेता येत नाही त्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेण्याची अनुमती देता येते. प्रथम कम्युनियनच्या वर्गाच्या आरंभीच पालकांनी हे धर्मगुरूंना सांगावे, म्हणजे वेगळे पात्र व वेगळी ओस्ती यांची व्यवस्था वेळेत होते.

शाळा आणि डबा

शहरातील शाळेत मुले डबा वाटून खातात. वाटून खाण्याचा संस्कार आपणच त्यांना दिलेला असतो, आणि नेमका तोच या मुलांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. अ‍ॅलर्जीच्या मुलाला वेगळे बसवून लाजविण्यापेक्षा संपूर्ण वर्गाला समजावून सांगणे बरे. सात वर्षांच्या मुलांना हे चांगले समजते. शाळेच्या पोषण आहारात सोयाबीनचा पुलाव असतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडेही सुरू केले होते व जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. त्या काळात अंडे न खाणाऱ्या मुलास केळे देण्याची सोय होती. आजारापायी न खाणाऱ्या मुलासही तशीच सोय मागण्याचा हक्क आहे. नाताळच्या फराळाच्या ताटांवर, केकमध्ये अंडे व काजू-बदाम आहेत, करंजीत तीळ आहेत, एवढी चिठ्ठी लावण्यासही काही खर्च येत नाही.

शाळेला तोंडी सांगून भागत नाही. डॉक्टरांच्या सहीचा एक कागद वर्गशिक्षिकेकडे, एक कार्यालयात व एक गावी आजीच्या घरी भिंतीवर असावा. त्यावर मुलाचे छायाचित्र, टाळावयाच्या पदार्थांची मराठी नावे, झटक्याची लक्षणे, अ‍ॅड्रेनालिनची मात्रा, संच कोठे ठेवला आहे ती जागा व दोन फोन क्रमांक असावेत. दर जूनमध्ये हा कागद नव्याने लिहून घ्यावा, कारण मुलाचे वजन वाढलेले असते व मात्रा बदलते. त्याच वेळी कुपीवरील मुदतीची तारीखही पाहून घ्यावी.